न धुतलेलं

"अन् ताई, तुमच्या अंगावरचं एक कापड लागंल," मंगल म्हणाली. "ओढणी आना, गाऊन आना, काई बी चालंल. दोन दिवस वापरल्यालं. पर धुवायचं न्हाई बरं का."

पौर्णिमा पिशवीतल्या वस्तू चटईवर मांडत होती. सहा लंगोट, दोन झबली, नाचणीच्या सत्त्वाचा डबा, वाटी-चमचा आणि एक रबरी हत्ती, ज्याची सोंड आरोहीने हिरड्यांनी चावून चावून पांढरी केली होती. तिचा हात हत्तीवरच राहिला. बाहेर समाधान गाडी बंद न करता उभा होता. शनिवारची अर्धी सुट्टी त्याला पुरत नसे. त्या इंजिनाची घरघर खिडकीच्या गजांतून आत येऊन तिच्या पोटऱ्यांत थरथरत होती. सोमवारी रजा संपत होती. जिल्हा परिषदेतलं टेबल, टेबलावरची काच, काचेखालचं कुणीतरी चिकटवलेलं कॅलेंडर, सगळं तिची वाट बघत होतं आणि सात महिन्यांच्या आरोहीला बार्शी नाक्यामागच्या या दोन खोल्यांच्या पाळणाघरात ठेवायचं ठरलं होतं. घर स्वच्छ होतं. बाई तरतरीत होती, सव्वीस-सत्तावीसची. सगळं कसं जमून आलं होतं, आणि आता हे कापड.

"कशाला?" तिने विचारलं. उत्तर ठाऊक असूनही विचारलं.

"झोपताना उशाला देते मी. लेकराला वाटतं, आई हितंच हाय. पयले चार दिवस लई जड जात्यात, मंग काई न्हाई."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"आमच्या आक्कानं." मंगलने आरोहीला मांडीवर घेतलं आणि तिच्या तळपायावर हलकी फुंकर मारली. आरोही खिदळली, परक्या मांडीवर, इतक्या लवकर. "आमी ऊसतोड्यांची लेकरं. दसरा झाला की आईबाप टोळीसंगं कारखान्याला, अन् आमी शाळेच्या वसतिगृहात, उमापूरच्या अलीकडं. तिथं स्वयंपाकाला आक्का व्हती. ट्रक हलायच्या टायमाला ती एकेकीला धरायची. म्हनायची, बाई, अंगावरचं लुगडं सोड, दुसरं नेस, हे मला दिऊन जा. सहा महिने मंग तेच घिऊन झोपायचं. धू म्हनलं तरी धू द्यायची न्हाई." ती हसली. "एकच साल ऱ्हायले मी तिथं. त्याच साली माझी आई गेली, उसाच्या गाडीवरून पडून. मंग मावशीनं आष्टीला नेलं. पर ते एकच साल ध्यानात हाय बगा माझ्या. बाकी लहानपन असं काई आठवतच न्हाई."

"आक्का आता...?" हे विचारायला नको होतं.

"गेली म्हनं. मागल्या साली. मला लई उशिरा कळलं."

पौर्णिमा म्हणाली, "बरं."

एवढंच. आक्का माझी आई, हे तीन शब्द जिभेवर आले होते, अगदी दातांपर्यंत आले होते, आणि तिने ते गिळून 'बरं' असा एक शब्द बाहेर काढला होता. मग तिने आरोहीला उचललं, हत्ती पिशवीत टाकला, सोमवारी साडेनऊला येते म्हणाली आणि गाडीवर मागे बसली. "काय झालं?" समाधानने मान अर्धी वळवून विचारलं. "आवडलं नाही का?" "आवडलं." "मग तोंड का असं?" "कसं?" "सासुरवाडीत वरणात खडा लागल्यासारखं." ती हसली नाही. गाडी बिंदुसरेच्या पुलावर आली तसा खालून नदीचा तो नेहमीचा, साचलेल्या पाण्याचा वास आला आणि तिने आरोहीचं डोकं आपल्या मानेत दाबून धरलं, जणू त्या वासापासूनच तिला वाचवायचं होतं. मंगी, तिच्या मनात आलं. ती मंगी आहे. कानात काळा दोरा घातलेली, दोन दात पडलेली, हिरव्या लुगड्याची मंगी.

सतरा खिळे होते. वसतिगृह म्हणजे शाळेच्या दोन खोल्या; त्यातल्या आतल्या खोलीच्या भिंतीत आईने सतरा खिळे ठोकून घेतले होते आणि प्रत्येक खिळ्याखाली खडूने एकेकाचं नाव लिहिलं होतं. नाव लिहायला पौर्णिमाच लागायची, आईचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. दिवसा सतराही लुगडी घडी न घालता तिथं लोंबत. जांभळी, तपकिरी, विटक्या फुलांची, निऱ्यांच्या जागी अजून चुरगळलेली. जेवणं झाली की आई एकेक काढून एकेकाच्या हातात द्यायची, काही न बोलता, पोस्टमनने पत्र द्यावं तशी. पोरं ती तोंडावर ओढायची. मोठमोठी पोरंसुद्धा, दिवसभर एकमेकांना 'काय बे' 'चल बे' करणारी, शेंबूड बाहीला पुसून बाप्यासारखी थुंकणारी. ती भिंतीकडे तोंड करून, कुणाला दिसू न देता, काठ नाकाशी धरायची. सकाळी पुन्हा खिळ्याला. हा आईचा कायदा होता. तिची नेमणूक स्वयंपाकाची होती, तीही सहा महिन्यांची, पण ती काम बारा महिन्यांचं करायची. कुणाची बाळंतीण गेवराईला न्यायची असली, कुणाच्या पोराला ताप असला, कुणाचं रेशनकार्ड अडलं असलं, की माणूस आधी त्यांच्या दारात उभा राहायचा आणि आई चूल तशीच सोडून, पायात वहाणा सरकवत निघायची. वस्तीतले म्हणायचे, सिंधुबाईला घर न्हाई, नुस्तं दार हाय. सुरुवातीला टोळ्यांमधल्या काही घरांनी कुरकुर केली होती, त्या वस्तीतल्या बाईच्या हातचं आमच्या लेकरांनी खायाचं का. आई म्हणाली होती, नगा खाऊ, डबा बांधून जा सहा महिन्यांचा. पण त्याच बायांनी अंगावरचं लुगडं मात्र सोडून तिच्याच हातात दिलं होतं. हातचं खायला नको, पण आपला वास सांभाळायला ही बाई चालायची. हे पौर्णिमाला फार पुढे, कॉलेजात असताना कळलं, आणि तेव्हा तिला राग आला, आईला विचारलं तर ती मिशरी लावता लावता थांबून म्हणाली, "आगं, लेकराच्या नाकाला कुठं जात असती."

अठरावा खिळा नव्हता. पौर्णिमा तिथंच झोपायची, ओळीच्या शेवटी, दारापाशी. तिने एकदा मागितलं होतं. आई, मला पण दे ना तुझं एक. "तुला कावून?" आई म्हणाली होती. "मी हाय की हितं." हे खरंच होतं. आई होती तिथं, हाताच्या अंतरावर होती, तिच्या श्वासाचा आवाज यायचा; फक्त तिच्या एका कुशीत खोकणारं कुणीतरी असायचं, दुसऱ्या कुशीत नवीन आलेलं. जी आई गेली नाही तिच्यासाठी रडायचं कसं? ज्यांच्या गेल्या होत्या त्यांना निदान खिळा होता. दहा वर्षांच्या पोरीला असं काही शब्दांत येत नसतं; तिला फक्त रोज झोपताना त्या सतरा लुगड्यांचा मिळून एक उग्र, आंबूस, घामाचा, धुराचा, खोबरेलाचा वास यायचा आणि त्या वासाचा राग यायचा. वर्गातल्या सरपंचाच्या नातीने सगळ्यांसमोर नाक धरून सांगितलं होतं, "हिच्या आईच्या अंगाला बारा गावचा वास येतो." सगळे हसले होते. पौर्णिमाही हसली होती, आपल्याला लागलं नाही असं दाखवायला, आणि घरी येऊन तिने आपलं दप्तर, आपली रिबीन, आपले हात, सगळं हुंगून पाहिलं होतं.

रविवारी सकाळी बापूंचा फोन आला. बापू, म्हणजे तिचे वडील आश्रुबा, आता एकटेच गावी राहत होते आणि आईच्या पहिल्या स्मृतिदिनाची तयारी त्यांनी अशा काही हिरिरीने चालवली होती की जणू आई स्वतःच पाहुणी म्हणून येणार होती. पुढच्या रविवारी विहारात वंदना, पुण्यानुमोदन, मग जेवण. "जय भीम बाळा. फोटूचं काय करायचं?" ते म्हणाले. "तुझ्या आईचा एक फोटू सरळ असंल तर शप्पत. हरेक फोटूत कुणाचं तरी लेकरू काखंला अन् हिचं तोंड तिकडं. लग्नाच्या फोटूत सुदिक ही मांडवाकडं बगती, कुणाला वाढलं न्हाई म्हणून. मी एकटाच सरळ उभा, बावळटावानी." पौर्णिमा हसली. "तू दोन शब्द बोलशील ना? सगळे इचारत्यात. लेकीनं बोलावं. काय बोलायचं ते लिहून काढ." "बापू," ती म्हणाली, "आईचं एखादं लुगडं आहे का ठेवलेलं? न धुतलेलं?" "न धुतलेलं? न्हाई बाळा. सगळी सवता धुतली मी. तीन पाण्यातून काढली. इस्तरी करून वाटली गोरगरिबाला. सिंधूच्या नावानं मळकं द्यावं का मानसानं?" त्यांच्या आवाजात जरा अभिमान होता, जरा भीती, काही चुकलं की काय याची. "चांगलं केलं," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. आईचा वास तिला आठवत नव्हता. मिशरीचा आठवत होता, करडीच्या तेलाचा, चुलीतल्या तुराट्यांचा. पण हे सगळे आईच्या अवतीभवतीचे वास झाले, आईचा नव्हे. कुणी तिला डोळे बांधून सतरा कापडं हुंगायला दिली असती तर तिला आई ओळखू आली नसती. बरोबरच आहे, तिला वाटलं.

"कालचाच गाऊन?" समाधान चहाचा कप ठेवताना म्हणाला. "पगार सुरू व्हायच्या आधी साबण बंद?" "मंगलने सांगितलंय," ती म्हणाली, "न धुतलेलं द्यायचंय." "अरे वा. तुझ्या आईची आयडिया." तिने झटकन वर पाहिलं. त्याला हे ठाऊक होतं म्हणजे. लग्नाआधी केव्हातरी तिनेच सांगितलं असेल, वसतिगृहाची गोष्ट म्हणून, सगळ्यांना सांगायची तशी, छान, जिच्या शेवटी ऐकणारा 'ग्रेट' म्हणतो अशी. तिची एक ठरलेली गोष्ट होती आणि तिच्यात सतरा खिळे होते, ट्रक होता, आई होती. फक्त एक दुपार नव्हती. ती दुपार तिने कुणाला सांगितली नव्हती. आणि आता ती दुपार बार्शी नाक्यामागे दोन खोल्या भाड्याने घेऊन बसली होती, उद्यापासून रोज आठ तास आरोहीला मांडीवर घेणार होती. दुसरं पाळणाघर बघावं. नगर रोडला एक आहे, कॅमेरे लावलेलं. पण समाधानला काय सांगायचं? की सांगून टाकावं मंगलला? तिच्या डोळ्यांसमोर आरोही आली, रडून रडून निळी पडलेली, आणि कोपऱ्यात हात बांधून उभी असलेली मंगी, दोन दात पडलेली, नुसती बघत असलेली. छे. असं कुणी करत नसतं. ती स्वतः तरी असं काही करणारी होती का? पण केलं होतंच की. दहा वर्षांची असताना, डोळे आलेले असताना, जानेवारीतल्या एका भरदुपारी केलं होतं.

डोळे आले म्हणून आईने तिला शाळेत पाठवलं नव्हतं. आई गेवराईला गेली होती, कुणाला तरी दवाखान्यात दाखवायला. पोरं वर्गात, स्वयंपाकखोली कुलूपबंद, आणि पौर्णिमा आतल्या खोलीत एकटी, त्या सतरा जणींबरोबर. लाल, चिकटलेल्या डोळ्यांना लुगडी नीट दिसत नव्हती. भिंतीला बाया टेकून उभ्या आहेत असं वाटत होतं. वास मात्र येत होता. तिने पहिलं लुगडं काढलं तेव्हा तिच्या मनात नक्की काय होतं, हे तिने या वीस वर्षांत स्वतःला हजारदा विचारलं होतं. आईला मदत करू, आई खूश होईल, शाबास म्हणेल. हे होतं. उद्या कुणी नाक धरून हसणार नाही. हेही होतं. आणि आणखी एक काहीतरी होतं, तळाशी, गाळासारखं, ज्याच्यात हात घातला की पाणी गढूळ व्हायचं आणि काहीच दिसेनासं व्हायचं. शाळेच्या हापशावर तिने चार-चार लुगडी नेली. दांडा तिच्या डोक्याच्या वर जायचा. तो खाली ओढताना तिचे पाय जमिनीवरून सुटायचे. निरम्याची अख्खी पिशवी संपली. फेस पांढरा यायचा आणि जाताना तांबूस व्हायचा, काळपट व्हायचा, आणि तो काळा ओघळ पेरूच्या झाडाकडे वाहत गेलेला बघून तिला इतकं समाधान वाटलं होतं, इतकं की ते आठवलं तरी आजही तिला स्वतःची भीती वाटे. मग तिने ती शाळेच्या तारेच्या कुंपणावर वाळत घातली, एकापुढे एक, रंग बघून. आणि ओट्यावर बसून वाट पाहू लागली.

पाच वाजता शाळा सुटली. पोरं बाहेर आली आणि मैदानाच्या पलीकडे कुंपणावर त्यांना ती दिसली: आपापल्या आईची, ओळखीची, वाऱ्यावर फडफडणारी. आधी कुणीच हललं नाही. मग एकजण ओरडला, "माय आली!" आणि सगळी धावत सुटली. दप्तरं टाकून, चपला सोडून, सतराही. ट्रक परत आला, आया आल्या, कुंपणाशी उभ्या आहेत, असंच वाटलं त्यांना. पौर्णिमाने ते धावणं पाहिलं. आपल्यासाठीच धावताहेत असं क्षणभर तिला वाटलं, शाबासकी द्यायला. मंगी सगळ्यात लहान, सगळ्यात मागे; ती पोचली, हिरव्या लुगड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली, तोंड खुपसलं. आणि मग तिने तोंड बाहेर काढलं. पुन्हा खुपसलं. लुगडं उलटं केलं, दुसरा काठ शोधला, पदर शोधला. मग ती मागे वळून सगळ्यांकडे बघायला लागली, रडत नव्हती, नुसती बघत होती, एखादं जनावर दावं तोडून भलत्याच गोठ्यात आल्यावर बघतं तसं. रडणं नंतर सुरू झालं, सगळ्यांचं एकदम, आणि आई एसटीतून उतरून आली तेव्हाही ते चालूच होतं.

आईने कुंपण पाहिलं. ओट्यावर बसलेल्या पौर्णिमाकडे पाहिलं. हापशाभोवतीचा चिखल पाहिला. मग तिने पिशवी खाली ठेवली आणि पोरांच्या घोळक्यात बसकण मारून मोठ्याने म्हणाली, "माझं चुकलं रं लेकरांनो. सकाळी जाताना मीच धुतली. मला वाटलं, स्वच्छ करावी. माझं चुकलं." सकाळी ती गेली तेव्हा लुगडी खिळ्यांवर होती, हे शाळेत जाताना पोरांनी पाहिलं होतं की नाही, कोण जाणे. आठ दिवसांनी मुकादमाचा निरोप आला, मंगीची आई गेल्याचा. तोवर हिरवं लुगडं कडक वाळून खिळ्यावर परत गेलं होतं, आणि त्याला बाजारातल्या नव्या कापडासारखा वास येत होता.

आई पौर्णिमाला रागावली नाही. तेव्हा नाही, नंतर नाही, मरेपर्यंत नाही. साबण आणि निरमा मात्र दुसऱ्या दिवसापासून तिच्या पत्र्याच्या पेटीत गेला. बस. एक धपाटा घातला असता तर, पौर्णिमाला वाटायचं, तो निदान माझा एकटीचा असता. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात आईच्या पायांना तेल लावताना तिने एकदा विषय काढला होता. आई, ती लुगडी. आईने डोळे न उघडता विचारलं, "कंची गं?" आणि लगेच, "त्या चार नंबरच्या बाईला कुणी चहा दिला का बग."

सोमवारी सकाळी समाधान लवकर गेला. पौर्णिमाने आरोहीला पाजलं, पुन्हा पाजलं, पिशवी भरली. गाऊनची घडी करताना तो नाकाशी नेला. काहीच वास आला नाही. आपला वास आपल्याला कुठे येतो. तो पिशवीत सगळ्यात वर ठेवून तिने हात धुतले, मग का कोण जाणे पुन्हा धुतले. रिक्षात तिने वाक्य तयार केलं. आधी, आक्का माझी आई. मग, ती लुगडी आईने नव्हे, मी धुतली. तुमच्या आईचंही. आता तुम्ही ठरवा, माझं लेकरू घ्यायचं की नाही. हे म्हटल्याशिवाय आरोहीला या बाईच्या मांडीवर ठेवायचं नाही, एवढं तिचं ठरलं होतं. या एका गोष्टीत तरी ती आईपेक्षा सरळ निघणार होती.

"मंगल," ती उंबऱ्यातच म्हणाली. "आक्का म्हणजे सिंधुबाई ना? ती माझी आई."

मंगलच्या हातातला झाडू खाली पडला. तिने पदराला हात पुसले, मग दोन्ही तळव्यांत पौर्णिमाचा चेहरा धरला आणि अगदी जवळून, वाचल्यासारखा बघितला. "पौर्णिमाताई! आगं माय! खिळ्याखाली नावं लिव्हायच्या तुमी! शनिवारी कावून न्हाई सांगितलं? लेकरासगट उबं ठिवलं मी तुमाला, चहा न्हाई, पानी न्हाई..." ती बोलत होती, हसत होती, आरोहीला घेऊन तिच्या गालाला गाल लावत होती. "आक्काची नात. आरारा. नाक बगा की, आक्काच हाय."

"मंगल, मला एक सांगायचंय. ती लुगडी, त्या दिवशी..."

"आक्कानं धुतली ती?" मंगल खाली बसली, आरोहीला मांडीवर आडवी घेऊन. "बसा की. ते कुणाला म्हनून सांगितलं न्हाई मी, तुमाला सांगते. सगळे म्हनत्यात आक्का देवमानूस. आसंल. मला देवमानसाचं काय करायचं व्हतं? माय गेल्यावर लई जन आले, डोक्यावरनं हात फिरवून गेले. आक्का आली, माझ्याफुडं खाली बसली अन् माझे पाय धरले. सहा वर्साच्या पोरीचे पाय. म्हनली, मंगे, तुझ्या मायचा वास मी धुतला, माझ्या हातून चुकलं, मला माफ कर. अन् अशी रडली! मोठं मानूस कुनी माझ्याफुडं रडलं नव्हतं कधी. चुकलं तर कुनी म्हनलंच नव्हतं. बापानं न्हाई, मुकादमानं न्हाई, कारखान्यानं न्हाई. सवताच्या अंगावरचं लुगडं सोडून दिलं तिनं मला. ते आष्टीला नेलं, लग्नात नेलं, लेकीची दुपटी केली त्याची, आता चिंदी ऱ्हायली न्हाई." तिने आरोहीच्या ओठावरची लाळ बोटाने टिपली. "सगळ्या जगाची आक्का, ताई. पर चुकल्याली आक्का माझी एकटीची. त्या जिवावर तर हे काम करते मी. कुनाचं लेकरू माझ्याकडं पडलं, धडपडलं, की त्याच संध्याकाळी आईबापाला सांगते, माझं चुकलं. कवा लपवीत न्हाई. आक्काकडनं शिकले ते."

पौर्णिमाला हापसा दिसला. दांडा वर होता, दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्याच्याही वर, आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला होता. खाली ओढायचा अवकाश. वाक्य तयार होतं, शब्द मोजलेले होते, आणि ते खरे होते. मंगलच्या मांडीवर आरोही आपला अंगठा शोधत होती. मंगलचे डोळे ओले होते आणि चेहरा असा निवांत होता, की पदरात तोंड खुपसून झोपलेलं लेकरूच. एकटीची, ती म्हणाली होती. माझी एकटीची. वीस वर्षं जे पौर्णिमा मागत होती ते हिच्याकडे होतं, आणि ते पौर्णिमाच्याच हातून हिला मिळालं होतं, आणि ते पुन्हा हापशाखाली धरायचं की नाही हेही आता पौर्णिमाच्याच हातात होतं.

"तुमचे डोळे आलते तवा," मंगल एकदम म्हणाली. "त्या दिवशी. ओट्यावर बसला व्हता तुमी, लालभडक डोळे घिऊन. मला वाटलं, तुमी बी रडताय आमच्यासाठी." ती पौर्णिमाकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. "काय सांगत व्हता तुमी?"

"काही नाही," पौर्णिमा म्हणाली. तिने पिशवीतून गाऊन काढला. "हा घे."

"धुतल्याला न्हाई ना?"

"नाही."

मंगलने तो हातात घेतला, नाकाशी नेला, मान डोलावली आणि आरोहीच्या डोक्याशी ठेवला. पौर्णिमा उठली. उंबरा, पायरी, नाली, रस्ता. रिक्षावाला थांबूनच होता. कोपऱ्यापर्यंत पोचते न पोचते तोच मागून आरोहीचं रडणं सुरू झालं, उंच, फाटलेलं, आणि तिच्या छातीतून दूध सुटलं, पदराखाली ऊन ऊन पसरलं. ती थांबली. रडणं चढलं, तुटलं, पुन्हा चढलं; मग एकाएकी दबलं, कशात तरी तोंड खुपसल्यासारखं, आणि थांबलं. "बसताय का ताई?" रिक्षावाल्याने विचारलं. तिने नाक पुसायला हात वर नेला. दोन्ही हातांना अजून साबणाचा वास येत होता.